दुसऱ्या शिशीचा हिशेब



दोन वर्षांमागं रोवणीच्या तोंडावर आमच्या गावात एक गाडी आली. शाळेच्या ओसरीत टेबल मांडलं. सिकलसेलची तपासणी आहे, सगळ्यांनी या, असा निरोप आशाताईंनी घरोघरी दिला. लोक आले. बायका बांधीतलं काम टाकून चिखलाच्या पायांनी आल्या. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, तिथवर ठीक होतं. पण काही जणांच्या दंडाला पट्टी बांधून शिरेतून एक शिशीभर रक्त वेगळं काढलं आणि इंग्रजी कागदावर अंगठे घेतले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, पण ती कोणाला भीतही नाही. तिनं विचारलं, "थेंब तपासाले घेतला, मंग हे शिशी कायले जी?" उत्तर आलं, "पुढच्या तपासणीला, मावशी."

थेंबाचा निकाल तीन महिन्यांनी कार्डावर आला. दुसऱ्या शिशीचं काय झालं, ते आजपर्यंत गावात कोणाला ठाऊक नाही. ते लोक कोण, कोणत्या संस्थेचे, हे इथं लिहीत नाही. भांडण एका गाडीशी नाही. प्रश्न आपल्या सवयीचा आहे. जमिनीच्या बाबतीत आपण शहाणे झालो. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय आता कोणी सही करत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा दिला की दावा कसा बुडतो, ते आपण भोगलं आहे. मग रक्ताच्या कागदावर अंगठा देताना आपण तो शहाणपणा घरी काहून ठेवून येतो?

आधी आजार नीट समजून घेऊ. रक्ताच्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते अंगभर प्राणवायू वाहून नेतं. ते कसं घडवायचं याची सूचना आईबापांकडून आलेली असते. तिला जनुक किंवा जीन म्हणतात. माणसाच्या अंगातल्या अशा सगळ्या सूचना मिळून जवळपास ३०० कोटी अक्षरं होतात. त्यातलं एक अक्षर बदललं की हिमोग्लोबिनचा एक मणी बदलतो, आणि प्राणवायू कमी पडला की गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं ठणकतात, लेकरू रात्रभर रडतं, रक्त कमी होतं, डोळे पिवळे पडतात. एका अक्षरानं एवढं होतं यात आपल्याला नवल वाटू नये. नावातली एक मात्रा चुकली म्हणून ज्यांचा वनहक्काचा दावा तहसीलमधून परत आला, त्यांना एका अक्षराची ताकद चांगली माहीत आहे.

ही सूचना दोन्हीकडून येते, एक आईची, एक बापाची. एकच बिघडलेली असेल तर माणूस वाहक, म्हणजे एएस. तो आजारी नसतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तर रुग्ण, म्हणजे एसएस. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा रुग्ण लेकरू होण्याची शक्यता असते. एक वाहक आणि एक साधा असेल तर एसएस लेकरू होत नाही. एवढा हिशेब प्रत्येक घरात पाठ पाहिजे.

तो पाठ नसल्यामुळे काय होतं ते आपण पाहतो. पोरीचं कार्ड पाहून सोयरीक मोडते, पोराचं कार्ड कोणी मागतच नाही. वाहक पोरीला 'खराब रक्ताची' म्हणतात. हे म्हणणारे बाहेरचे नाहीत, आपलेच सोयरे आहेत. त्यांना सांगा, हा आजार फक्त आदिवासींचा नाही. विदर्भात तो गोंडांत आहे तसा बौद्ध, कुणबी, तेली समाजातही आहे. आणि हे अक्षर शाप म्हणूनही आलेलं नाही. १९५४ साली ॲलिसन या डॉक्टरानं आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहक माणसाला जोरदार हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथं वाहक लेकरं जास्त जगली, म्हणून हे अक्षर तिथं टिकलं. आपले आजे-पणजे जंगलतापातून वाचले, त्यात या अक्षराचाही वाटा असेल. ज्यानं एकेकाळी वाचवलं, त्याच्यावरून आज पोरीला हिणवायचं?

आता दुसऱ्या शिशीकडे येऊ. एकाच घरातली दोन भावंडं, दोघंही एसएस. एक महिन्यातून दोनदा दवाखान्यात, दुसरा बैल हाकतो. असं का? त्या एका अक्षरात याचं उत्तर नाही. इथून पुढचं काम ज्या शास्त्राचं, त्याला फंक्शनल जिनोमिक्स म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सातबाऱ्यावर काय लिहिलं आहे ते वाचणं एक, आणि जमीन प्रत्यक्षात कोण वाहतो, पाणी कुठून येतं, बांध कोणी फोडला ते पाहणं दुसरं. माणसाच्या जनुकांचा सातबारा २००३ साली बहुतेक वाचून झाला. आता वहिवाट तपासणं चालू आहे. कोणतं जनुक केव्हा चालू होतं, केव्हा बंद होतं, कोण कोणाला दाबून ठेवतं आणि त्यातून आजार कसा घडतो, याचा शोध.

सिकलसेलमध्ये या शोधानं मोठं काम केलं आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि त्यानं पेशी वाकडी होत नाही. म्हणून एसएस लेकरू जन्मल्यावर पहिले काही महिने बरं असतं. पुढं ते बाळाचं हिमोग्लोबिन बंद पडत जातं आणि त्रास सुरू होतो. पण काही माणसांत ते मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं, आणि त्यांना त्रास कमी होतो. असं का, हे शोधायला शास्त्रज्ञांनी हजारो माणसांची रक्तं एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे लोकही होते. २००७-०८ च्या सुमारास बीसीएल११ए नावाचं जनुक सापडलं. बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणारा हात तो. तो हात ढिला केला तर बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं.

यातूनच नवा उपचार निघाला. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, त्यात तो हात ढिला करायचा आणि परत अंगात सोडायच्या. कॅसजेव्ही या नावाच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडनं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं परवानगी दिली. तिकडची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपले १८ कोटींच्या वर. एका माणसाचे. आपल्या अख्ख्या गावाचा तेंदूपत्ता किती हंगाम विकला तर एवढे पैसे होतील, तुम्हीच मोजा.

आपल्या देशातही काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं स्वस्तात पडेल असा स्वतःचा उपचार उभा केला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला तो पुढं तयार करायला दिला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये, बिरसा मुंडांच्या जन्माला १५० वर्षं झाली त्याच महिन्यात, त्याचं नाव जाहीर झालं: बिरसा १०१. उपचार दवाखान्यात मिळायला अजून चाचण्यांच्या पायऱ्या आहेत. काम चांगलं आहे, ते लवकर तडीस जावं, असंच आपण म्हणू. पण नावाचा मान घेतला तर नावाची रीतही आली. बिरसा औषधासाठी लढले नव्हते. आमच्या जमिनीवर आम्हाला न विचारता कोणी हात घालायचा नाही, यासाठी त्यांनी उलगुलान केलं आणि ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ज्या उपचाराला त्यांचं नाव आहे, त्या वाटेवरचं प्रत्येक रक्त विचारून, समजावून घेतलेलं असलं पाहिजे.

काही साथी म्हणतात, एवढी भानगड आहे तर रक्त द्यायचंच नाही. मला हे पटत नाही. या संशोधनाची गरज आपल्यालाच सगळ्यात जास्त आहे. नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच जगापुढं ठेवली होती. भारतातल्या रुग्णांत बाळाचं हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात लेकरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दाखवलं की विदर्भातल्या कितीतरी लेकरांना तो चांगलाच जोरात होतो. हे इथली लेकरं तपासली म्हणून कळलं. दुसऱ्या मुलखातल्या रक्तावरून आपल्या लेकरांचा अंदाज बांधला तर तो चुकतो. म्हणून रक्त द्यायचं. पण मालकासारखं द्यायचं.

मालकासारखं दिलं नाही तर काय होतं? अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या खोल दरीत हवासुपाई नावाची आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांना वाटलं मधुमेहासाठी. पुढं कळलं की तेच रक्त मनाच्या आजाराच्या अभ्यासाला वापरलं, जवळच्या नात्यात लग्नं होतात का ते पाहायला वापरलं, आणि ही जमात मुळात कुठून आली ते सांगायलाही वापरलं. त्यांचे वडीलधारे सांगतात, आम्ही या दरीतलेच. त्यांच्याच रक्तावरून त्यांना सांगितलं, तुम्ही बाहेरून आलात. जमिनीसाठी लढणाऱ्या माणसाला या वाक्याचा धोका वेगळा सांगायला नको. 'तुम्ही इथले नाहीच' हे आपण वनखात्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं आहे! हवासुपाई २००४ मध्ये कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्त परत मिळालं. ते त्यांनी आपल्या दरीत नेलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी कोर्टाची वाट पाहिली नाही. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच संशोधकांसाठी नियम लिहून काढले. आमचा मान ठेवा, खरं सांगा, न्यायानं वागा, काळजी घ्या आणि आमच्या पंचायतीच्या वाटेनं या, असा त्यांचा अर्थ. नियम साधे आहेत. आपल्यालाही लिहिता येतील.

कायदा आपल्या बाजूला किती आहे, तेही खरं सांगतो. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा इथं लागत नाही. वनहक्क कायदा २००६ लागतो, पण त्यात रक्ताचा शब्द नाही. जैवविविधता कायदा २००२ गावातल्या झाडाझुडपांची, बियाण्यांची, जनावरांची राखण करायला समिती देतो. पण त्याच कायद्यानं माणसाची जनुकं स्पष्ट बाहेर ठेवली आहेत. म्हणजे मोहाच्या बियेवर कोणी धंदा करायला आला तर विचारायला कायद्यात जागा आहे, आपल्या रक्तासाठी त्या कायद्यात जागा नाही. उरतात ते आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम. त्यात लिहिलं आहे की संमती माणसाला समजेल त्या भाषेत घ्यायची, आदिवासी समाजात काम असेल तर समाजाची परवानगीही घ्यायची, पण समाजानं हो म्हटलं म्हणून एकेकट्या माणसाची संमती सुटत नाही. रक्त साठवून पुढं वापरायचं असेल तर तेही आधी सांगायचं. संशोधनातून मध्येच बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हे नियम कपाटात आहेत. गावात आणायचं काम आपलं.

डॉक्टर मंडळी यावर म्हणतील, ग्रामसभेच्या मागं लागलो तर तपासणी अडून राहील आणि लेकरं मरतील. हा आक्षेप हलका नाही, म्हणून उत्तर सरळ देतो. तपासणी आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीचा थेंब माझ्या स्वतःच्या उपचारासाठी आहे. त्याला ग्रामसभेची परवानगी लागू नये, आणि त्याचा निकाल ग्रामसभेला कळूही नये. कोणाचं कार्ड काय, हे त्या माणसानं आणि डॉक्टरानं पाहावं. चावडीवर यादी लावली तर आपणच आपल्या पोरींचा घात करू. दुसरी शिशी मात्र संशोधनाची. तिथं आधी ग्रामसभा, मग माणूस. यानं थेंब एक दिवसही अडत नाही.

आणि उशिराचंच म्हणाल तर उशीर कुठं होतो ते आम्हाला विचारा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं ठरलं. तपासणी करून कार्ड देणं सोपं आहे. पण कार्ड मिळालेल्या लेकराला हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दर महिन्याला जवळच्या दवाखान्यात मिळते का? ही गोळी जुनी आहे, तिनं बाळाचं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखणं कमी येतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीत, अधूनमधून रक्त तपासूनच घ्यावी लागते, आणि गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उद्याचा १८ कोटींचा किंवा स्वस्तातला उपचार येईल तेव्हा येईल. आजची गोळी आज पाहिजे.

शेवटी एक गोष्ट, जी प्रयोगशाळेत दिसत नाही. एसएस माणसाला दुखणं उठतं ते अंगातलं पाणी कमी झालं की, थंडी बाधली की, ताप आला की, कष्ट फार झाले की. आता आपल्या बायांचं वर्ष डोळ्यापुढं आणा. पावसात दिवसभर वाकून रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी पहाटेपासून डोंगर, नाही तर घरदार सोडून वीटभट्टी. जनुक आईबापानं दिलं, पण दुखणं कितीदा उठेल ते जमीन, पाणी आणि मजुरीही ठरवतात. ज्याच्या घरी स्वतःची बांधी आहे, विहीर आहे, तो आजारी पोरीला चार दिवस घरी बसवू शकतो. ज्याचा दावा दहा वर्षं कचेरीत पडला आहे, तो बसवू शकत नाही. म्हणून जमिनीच्या बुलेटिनात रक्तावर लिहितो आहे.

येत्या ग्रामसभेत खालचा ठराव मांडावा, अशी विनंती आहे. आपल्या गावाच्या भाषेत बदलून घ्या.

१. उपचारासाठीची सिकलसेल तपासणी सर्वांनी करावी. निकाल गुप्त राहील आणि ज्याचा त्याला हातात मिळेल.

२. लग्न जुळवताना कार्ड पाहायचं तर पोरगा-पोरगी दोघांचंही पाहावं. वाहक म्हणून कोणालाही हिणवू नये.

३. संशोधनासाठी रक्त घेणाऱ्यांनी आधी ग्रामसभेत येऊन सांगावं: कशासाठी घेता, कुठं ठेवणार, किती वर्षं, आणखी कोणाला देणार, त्यातून औषध निघालं तर आम्हाला ते कोणत्या भावात मिळणार.

४. संमतीचा कागद मराठीत असावा, वाचून दाखवावा, त्याची एक प्रत रक्त देणाऱ्याकडे राहावी. नाही म्हणणाऱ्याचा उपचार थांबू नये.

५. अभ्यास संपल्यावर काय सापडलं ते गावात येऊन सांगावं.

६. सिकलसेलच्या गोळ्या आणि रक्त तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळावी. अपंग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, त्याप्रमाणे पात्र रुग्णांना दाखला मिळवून द्यावा.

हा अंक लिहिताना त्या म्हाताऱ्या बाईला ठराव वाचून दाखवला. ती म्हणाली, "आता पुढची गाडी आली का मले हाक मार. मीच विचारतो, हे शिशी कायले म्हणून." तिला हाक मारायची गरज पडणार नाही, ती आधीच ओसरीत बसलेली असेल. तुमच्या गावातही अशी एक बाई असेल. ठरावाच्या वेळी तिला पुढं बसवा.

जोहार.

— एक कार्यकर्ता, साकोली तालुका